अर्धा सेकंद

नंदुरबारला तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्यानं डोळा मिटला
तो उघडेचना.
बटण दाबलं की आत काहीतरी खरवडायचं,
भाकरीत खडा लागावा तसं.

आमच्या वेंगुर्ल्याला लेन्सला बुरशी धरते.
तिचे उपाय मला पाठ:
तांदळाचा डबा, साठचा बल्ब, वर चुलत्याच्या शिव्या.
कोरडेपणानं गेलेला कॅमेरा
मी आयुष्यात पाहिला नव्हता.

बाहेर पथारीवर नजर पोचेल तिथवर मिरची.
मसाल्याच्या कंपनीला पाकिटावर हाच लाल हवा होता,
परवापर्यंत.
लॉजवाला म्हणाला, सुरत, नाहीतर नाशिक.
आतून त्याची बायको ओरडली,
अहो, सुपडू मिस्तरी आहे ना.

सुपडू मिस्तरीच्या टपरीत
मिक्सरची भांडी, पंख्यांची उघडी पोटं,
तांब्याच्या तारेची वेटोळी,
आणि खिळ्याला टांगलेलं एक क्लॅरनेट,
बँडवाला न्यायला परत आलाच नाही म्हणे.
"काय जायं?"
उघडत नाही, मी म्हटलं.
त्यानं कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला
आणि न विचारता पहिला स्क्रू फिरवला.
मी माझ्या पन्नास हजारांकडे पाठ करून
रस्ता बघत बसले.

मग तो शिंकला.
मग मी.
मग चहावाला पोरगा, दोन्ही कप हिंदकळवत.
"मिरचीनी भुकटी," डोळे पुसत सुपडू म्हणाला,
"मिरची कोनले सोडस का?"
लेकीच्या रंगपेटीतला ब्रश आणवला.
दिवेलागणीपर्यंत एकेक पातं झाडलं,
मध्येच दोन गिऱ्हाइकं परत पाठवली,
एक मिक्सर मात्र ठेवून घेतला.

शेवटी म्हणाला, घाईचं काम हा आता करायचा नाही.
हजाराव्या हिश्शात काळी पट्टी येते.
अर्धा सेकंद द्या, उघडतो, मिटतो,
म्हाताऱ्या माणसासारखा.
एक स्क्रू उरला होता. पुडीत बांधून दिला.
"हाऊ कोठला शे, याद नही."
पैसे मिक्सरच्या बुशाएवढेच घेतले.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर
गोणीवर कॅमेरा टेकवला, श्वास धरला.
समोर रेवली, तिच्या दोघी जावा, सासू
देठं खुडत बसलेल्या. मजुरी किलोवर.
जरा थांबाल का, मी म्हटलं, अर्धाच सेकंद?
रेवली हसली. हात हसले नाहीत.
"अर्ध्या सेकंदात तीन मिरच्या होतात, ताई."

फोटोत मिरची अशी आली
की सुरकुती मोजावी, देठाचा हिरवा ओरखडा मोजावा.
आणि बायका होत्या तिथे धूर.
एक जांभळा, एक पिवळट,
बांगड्यांची एक लांबट रेघ.
हात तर नाहीतच.
फक्त गोणीच्या सावलीत निजलेलं रेवलीचं पोर
पापण्यांसकट आलं होतं.
तो फोटो मी पाठवला नाही.

कंपनीचा फोन आला: लाल एकदम अप्रतिम!
आणि मध्ये माणसं नाहीत हे बरं झालं,
उगाच पुसत बसावं लागलं असतं.
मी हो म्हटलं.
बिलही पाठवलं, लॉजच्या पावतीसकट.

मुंबईचा दुरुस्तीवाला सांगतो, नवं शटर टाकू,
दोन दिवसांचं काम.
बघू, म्हणते. पुडी अजून पर्समध्ये आहे,
सुट्ट्या पैशांत सारखी हाताला लागते.

ते पाकीट आता वेंगुर्ल्यातही मिळतं.
डाव्या कोपऱ्यात, बारकोडला लागून,
बोटभर जांभळं काहीतरी उरलंय.
छपाई पसरलीय बघा, दुकानदार म्हणतो,
दुसरं देऊ?
नको, हेच द्या.