अठ्ठावीस टक्के

पडवीत काम करायचं तर स्क्रीन शंभरावर ठेवावी लागते.
दुपारी नवाबागचा समुद्र घेतलेलं सगळं ऊन परत फेकतो
आणि काचेवर आधी माडाची झावळी दिसते,
मग मी,
मग कुठे खाली, विहिरीत पडल्यासारखा
माझाच बांगडा.

मॅट फिल्म लावली, ती खारी झाली.
तासातासाला जुन्या धोतराच्या तुकड्याने पुसते.
हाताला दोन बोटांचा मोजा, आत घाम,
आणि काच तापलेली,
भाकरी टाकावी इतकी नाही,
मांजर येऊन बसेल इतकी.

पुस्तक पोरांसाठी. बारा पानं, सगळी रात्रीची.
भर दुपारी मी रात्र रंगवत होते
आणि रात्र दिसावी म्हणून
ब्राइटनेस वाढवत होते.
यातला विनोद तेव्हा कळला नाही.

पुण्याहून प्रुफं आली.
बारा पानं, बारा डांबराचे डबे.
संपादक फोनवर अगदी सौम्यपणे म्हणाले,
"मासे छापायचे राहिलेत का?"

मी छापखान्याला नावं ठेवली, मग शाईला,
मग हप्त्यावर घेतलेल्या टॅबलेटला.
खरं एवढंच, की काच स्वतः जळते,
कागद जळत नाही.
त्याला कुणीतरी दिवा दाखवावा लागतो.

त्याच संध्याकाळी बुधाजी गिरप आले.
रापणीचे तांडेल, आता गुडघ्यांमुळे वाळूवरच.
मासे बरोबर काढलेत का, ते बघायला मीच बोलावलेलं.
स्क्रीनसमोर येताच त्यांनी डोळ्यांवर आडवा हात धरला,
समोरून ट्रक यावा तसा.
"गे चेडवा, ह्या काय?
भायर ते दिव्यावाले काय कमी आसत?"

भायर म्हणजे क्षितिजावर.
अंधार पडला की तिथे एक गाव उगवतं,
त्याला ग्रामपंचायत नाही.
एलईडीच्या बोटी पाण्यात दिवस सोडतात,
मासा दिव्याला येतो, सगळा, पिल्लांसकट,
आणि इकडे चाळीस माणसं रापण ओढतात
चार खेकड्यांसाठी.

"आमी अवसेक जायचो," ते म्हणाले.
"बापूस आदी बत्ती इजवूक लावी.
मगे गप ऱ्हवाचा.
मासो फिरलो काय पाणी पेटता.
हिरवा, पण हळू.
उजेडात पाणी आंधळा होता."

मी काही बोलले नाही.
बोटाने पट्टी खाली ओढली.
ऐंशी. साठ.
चाळीसला रस्त्यावरची लाइट गेली, इन्व्हर्टर कण्हला.
तिसाच्या खाली सगळं बुडालं,
आणि थोड्या वेळाने,
दुपारी काळा म्हणून सोडून दिलेल्यात
चार निळे निघाले.
एक तर चक्क जांभळट, तिसऱ्या लेअरवर,
कधीतरी टाकलेला आणि विसरलेला.

पुढच्या आठ रात्री अठ्ठावीस टक्क्यांवर काम केलं.
दिवा वाढवायचा नाही, वाढवायची तर रात्र:
निळ्याला निळ्यापासून थोडं दूर सरकवत.
डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात.
ती फुकट जातात असं मला आधी वाटायचं.
थव्याला रेषा काढलीच नाही,
तो गेला तिथल्या पाण्याला काढली.
फक्त शेवटच्या पानावर एक बांगडा,
जवळून, एकटा.

दुसरी प्रुफं बुधाजींनी ट्यूबखाली धरली,
मग दारात नेली,
मग मला ट्यूब बंद करायला लावून
तशीच धरून उभे राहिले.
बराच वेळ.
शेजारच्या टीव्हीचा उजेड भिंतीवर हलत होता.
"पाणी बरोबर," म्हणाले.
शेवटच्या पानावर अंगठा ठेवला.
"शेपटीकडचे बारके पर पाच आसतत.
तू चार काढलंस."