न चिकटवलेलं पाकीट

तुरुंगात पत्र पाठवायचं तर पाकीट चिकटवायचं नसतं,
हे मला पोस्टातल्या बाईंनी सांगितलं,
आवाज खाली करून, दुखणं विचारावं तसं.
चिकटवलंत तरी फोडणारच, म्हणाल्या,
मग डिंक कशाला वाया.

तेव्हापासून दर मंगळवारी लिहिते,
किराण्याच्या वहीची मागची पानं फाडून.
सव्वीस वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नव्हती.
गोठिवलीतून घणसोलीला काय लिहायचं?
डब्यात एकदा चिठ्ठी घातली होती:
येताना सुतळी आणा.

पहिली पत्रं चार ओळींची.
तब्येत, तारीख, वकील, थोरलीचा फोन.
कारण तुमच्याआधी कुणीतरी वाचणार.
रिटायरमेंटला आलेला, की नुकताच लागलेला पोरगा,
कोण जाणे.
तो निळा शिक्का मारतो, तपासले,
आणि माझं अक्षर
तुमच्यापर्यंत उष्टं होऊन पोचतं.

मग शेवगा लिहायला घेतला.
शेवग्याने हिराजीभाऊंच्या भिंतीला तडा दिला.
वैनी, ता झार तोरून टाका, म्हणाले.
दीड वर्षात त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य.
साडेबारा टक्क्यांच्या जमिनीचे त्यांचे नऊ लाख
तुमच्या पतपेढीत होते.
मी लिहिलं, तोडू का?
तुम्ही लिहिलंत, थांब.
मी लिहिलं, फुलं आलीत.
तुम्ही लिहिलंत, मग थांबच.
तडा खिडकीपर्यंत गेला. तेही लिहिलं.

बेलापूरहून मेट्रो, पेठपाड्याला उतरून रिक्षा.
कुठे, विचारलं की म्हणते, ओवे कॅम्पच्या पुढे.
रिक्षावाला आणखी विचारत नाही,
आरशात एकदा बघतो.
आधार, टोकन, झडती,
बाकावर शेजारी पनवेलची एक बाई
दर वेळी तीच साडी नेसून. म्हणते, ह्याच साडीत
जामीन मिळेल असं वाटतं.
काचेपलीकडे तुम्ही.
केसांना रंग नाही, त्यामुळे मामंजींसारखे दिसता.
हे सांगत नाही. मनीऑर्डर पोचली का, विचारते.
वीस मिनिटांतली सहा
ऐकू येतंय का, ऐकू येतंय का, यातच जातात.

गेल्या खेपेला तुम्ही हसून म्हणालात,
तो पत्रं वाचणारा काल बराकीत आला होता.
म्हणाला, काका, त्या शेवग्याचं काय झालं मग?

परतताना मेट्रोत मी तोंडाला पदर लावून हसत होते.
समोरच्या मुलीने मोबाइल बाजूला ठेवला
आणि पाण्याची बाटली पुढे केली.
तिला वाटलं, रडतेय.
मीही घेतली बाटली.

सही तुमचीच होती का,
हे मात्र कुठल्याच पत्रात नाही.
काचेशीही नाही. तिथे फोन हातात असतो,
पण तार कुठून कुठे जाते, कुणाला ठाऊक.
झोप लागत नाही त्या रात्री मी ते
वेगळ्या कागदावर लिहिते, तारीख टाकून.
ते पाकीट चिकटवते.
डिंकाने नाही, भाताच्या शितांनी, बोटाने दाबून दाबून.
तांदळाच्या पिंपात अशी एकतीस झालीत.
तांदूळ तळाला गेला की वर काढते,
नवा ओतते, पुन्हा खाली सारते.
तुम्ही आलात की देईन.
किंवा नाही देणार.
माझीही सोन्याची पाटली होती त्या ठेवीत,
हे तुम्हाला आठवतंय का, तेवढं तरी
विचारायला हवं होतं.

परवा शेंगा उतरवल्या.
एक जुडी हिराजीभाऊंच्या पायरीवर ठेवली.
संध्याकाळी तिथे नव्हती.
रांधली की उकिरड्यावर टाकली, कळलं नाही.
हेच लिहिलंय ह्या मंगळवारी,
आणि तुमच्या नावाचा मजकूर संपल्यावर
जरा जागा सोडून, खाली:

साहेब, भिंतीकडची फांदी तेवढी छाटली.
झाड आहे.