दिंडीपुरतं वाकणं

सुमैरातच्या चौकीवर शिक्का लागायला तीन तास.
बस घाफच्या सावलीत, ड्रायव्हर झोपलेला,
व्हिसा संपलेले आम्ही सतरा जण, त्यातले काही पत्ते कुटत बसले.
मी पाचशे बैसा मोजले आणि किल्ल्यात शिरलो.

दरवाजा लादलेला उंट जाईल एवढा,
पण उघडते ती त्यातली दिंडी, कमरेएवढी.
"वाक," मुसब्बह म्हणाला.
तिकीट फाडणारा, वाटाड्या, झाडूवाला, सगळं तोच.
"आधी मान आत येते, मग माणूस.
माणूस नको असेल तर..."
आणि त्यानं तळहाताची कड हवेतून खाली आणली.
हसलो दोघंही. तरी मी मान जरा घाईनंच आत नेली.

माती, पेंढा, चुना. भिंत चार हात रुंद.
मी डक्टचा माणूस. बारा वर्षं
थंड हवा कुठून कुठे जाते एवढंच बघत आलोय.
इथं जंग्यांतून वारा येतो तो तिरका,
जिन्याच्या वळणावर थबकतो,
घाम हुंगतो, मग वर जातो.
कोणी काढला असेल हा नकाशा?
मुसब्बहला ते नाव माहीत नाही.
बांधून घेणाऱ्या शेखचं माहीत आहे, जाळणाऱ्याचं,
पुन्हा बांधून घेणाऱ्याचं,
आणि एका खेचरीचं,
जी वेढ्यात रात्री पखाली घेऊन
एकटीच वर यायची.
झबिया.
हे नाव त्यानं दोनदा सांगितलं.

मग खजुराची कोठी. जमिनीला पन्हळी,
पोत्यांवर पोती रचायची, आपल्याच वजनानं पाक गळायचा,
कोपऱ्यातल्या रांजणात जमायचा.
आणि छतात, दिंडीच्या बरोबर वर, एक भोक.
तिथून उकळता पाक खाली.
"एवढा गोड, शत्रूला?"
"आधी पाहुण्याला," तो म्हणाला, "उरला तर शत्रूला."
माझ्या मनगटावर एक डाग आहे,
आठ वर्षांचा असताना, मामाच्या गुऱ्हाळावर
काकवीचा थेंब उडाला होता.
चिकटतं ते. पुसायला जावं तर कातडी सोबत येते.
मी भोकाखालून बाजूला झालो.

पहारेकऱ्यांच्या खोलीत कोळशाच्या रेघा,
पाच-पाचांच्या जुड्या, मध्येच तुटलेल्या.
पगार खजुरात मिळायचा, म्हणे, आणि उशिरा.
यावर मी काही बोललो नाही.

बुरुजावर विचारलं, सरहद्द तेव्हा कुठं होती?
"इथून उंटांची धूळ दिसायची तिथवर.
वादळ उठलं की सरहद्द अलीकडे यायची,
दाराशी. कधी अंथरुणापर्यंत."
आता तारेचं कुंपण आहे, सरळ,
खांबाखांबावर कॅमेरे,
आणि सावली सरकल्यामुळे उन्हात आलेली आमची बस.

हॉर्न वाजला.
उतरताना मुसब्बहनं खिशातून चार खजूर दिले,
पैसे घेतले नाहीत.

चौकीच्या काचेला खिडकी आहे, कमरेएवढ्या उंचीवर.
वाकलो. पासपोर्ट आधी, मग मान.
आतला पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं,
पानं उलटत म्हणाला, "किल्ला बघितलास?
मी इथलाच, पण कधी गेलो नाही.
वर वारा असतो म्हणे."

असतो, म्हटलं. तिरका येतो.