खुंटावरची

वाफेच्या न्हाणीमागचा भूर्ज विस्वाल्दिसनं कापला
तेव्हा गुडघाभर खुंट मात्र ठेवला.
बसून बूट काढायला बरा, म्हणाला.
पुढच्या हिवाळ्यात तोच गेला.

मी उपटला नाही. उपटणार कोण?
साल सुटली, आतला गाभा भुसभुशीत झाला,
बोट खुपसलं तर दुसऱ्या पेरापर्यंत जातं
आणि वास येतो तळघरातल्या बटाट्यांचा.

आज सकाळी,
दोन रात्री धुकं पडल्यावर,
त्याच्यावर ही दाटी.
मधाच्या रंगाची अळंबी, टोपीवर बारीक खवले,
वरचीची पांढरी पूड खालचीच्या डोक्यावर,
जशी पिठाच्या डब्याशी खेळलेली पोरं.
आमच्या भाषेत यांचं नावच खुंटावरची.
नाव ठेवताना कुणी फार डोकं चालवलेलं नाही.

शेजारचा आल्फोन्स कुंपणावर कोपरं टेकून:
चवीला छान, पण चालतात गं ही,
जमिनीखालून, काळ्या बुटाच्या नाड्या सोडत.
सफरचंदापाशी पोचली की संपलं.
खुंट खणून काढ, स्काइद्रीते.

मी चालून पाहिलं. अकरा पावलं.
सनिता झाली त्या वर्षी लावलेलं झाड.

सनिता आयर्लंडला.
बिनखिडक्यांच्या शेडमध्ये, फळीवर फळी,
पांढरी, गोल, एका मापाची अळंबी खुडते.
तासाला किती किलो ते भिंतीवर लागतं, नावासकट.
नऊ वर्षांत एकदाही घरी शिजवली नाहीत, म्हणते.

मी सुरीनं देठ कापले. दोन टोपल्या.
एक उकळी, काळं पाणी फेकलं,
दुसरी उकळी. मग कांदा, लोणी, साय.
उरली ती बरणीत, शेपूच्या तुऱ्यांसोबत.
आल्फोन्सला एक बरणी दिली. घेतली त्यानं, मुकाट.

फावडं काढलं होतं तसं.
दोनदा मारलंही. ओला भुगा उडाला,
त्यात खरंच त्या नाड्या, चपट्या, चकाकणाऱ्या,
कुठं निघाल्या होत्या ते कळेना.
दमून त्याच खुंटावर बसले, बूट काढले.
थोडा खचला माझ्याखाली.

रात्री फोनवर सनितानं विचारलं,
सफरचंदं किती आली यंदा?
मी म्हटलं, फांद्यांना टेकू दिलेत, इतकी.
ते खरंच होतं.
पावलांचं काही बोलले नाही.