चिलखत: शून्य

बेळगावच्या स्टँडामागं, जिनपालचं स्पेअरपार्टचं दुकान.
ऑइलच्या डब्यांवर पत्रा, पत्र्यावर साल एकोणीसशे त्रेचाळीस.
गाड्या मी वहीत लिहून आणल्यात:
डॉक्टरची मोटार. आसनं चार, वेग सहा, पेट्रोल कूपनावर.
बेकरीची व्हॅन. दार मागं एकच, वास लपत नाही.
जांबोटी सर्व्हिस, कोळशाच्या गॅसवर:
आसनं बावीस, माणसं चाळीस, कोंबड्या मोजू नयेत.
चिलखत सगळ्यांना शून्य.

रणगाड्यांची पानं पुस्तकात रंगीत होती.
ह्यांना कुणी पानच दिलं नव्हतं.

कणकुंबीच्या चढाला दस्तगीरनं फासा टाकला. एक.
भट्टी विझली. मागून लष्करी ट्रकचे दिवे.
जिनपाल म्हणाला, संपली गाडी.
फ्लोरी गप्प होती. तिचं पात्र सुईण,
पोचायचं होतं उजाडायच्या आत.
"थांब की," म्हणाली,
"उतरून ढकलूलालेत सगळी. त्याचा आकडा सांग."

वही उलटीपालटी केली. नव्हता.
दस्तगीरनं कानामागची पेन्सिल पुढं केली.

बाहेर शेवटची एस्टी रिव्हर्स घेत होती
आणि कंडक्टर तिच्या पत्र्यावर
म्हशीच्या पाठीवर मारावी तशी थाप मारत होता:
येऊ दे, येऊ दे,
अजून.