बटाटे हातानंच लावले

बर्फ उतरलं, तसं गोठ्याचं दार मी पहारीनं उचकटलं.
आत टी-पंचवीस. अठरा वर्षं जागचा हलला नव्हता.
निळा रंग बोटभर कुठं कुठं, बाकी सगळा गंज,
आणि सीटवर एन्डेलची टोपी,
जणू तो विळ्याला धार लावायला गेलाय,
येतोच आहे.

मी पोस्टातली बाई. बत्तीस वर्षं या बेटावर
सायकलवरून पत्रं वाटली. इंजिनातलं मला काय कळणार?
पण व्हाम्बोला म्हणाला, डिझेल पत्रासारखंच असतं,
टाकीतून निघतं, वाटेत कुठंतरी अडतं,
कुठं अडलं ते शोधायचं, झालं.
सामूहिक शेती मोडली त्या सालापासून
तो एका दमात एवढं बोललेला
मी तरी ऐकला नव्हता.

टाकीच्या तळाशी काकवीसारखा काळा गाळ.
एअर फिल्टरात उंदरांचा संसार.
इंजेक्टर दोन, दोन्ही मुके.
ते रॉकेलात बुडवून ठेवले जॅमच्या बरण्यांत,
स्वयंपाकघराच्या खिडकीत, ऊन येतं तिथं,
टोमॅटोच्या रोपांशेजारी.
तांपेरेहून भाची फोनवर बघत होती.
म्हणाली, मावशी, यातलं आधी काय उगवलं?
मी म्हटलं, थांब, अजून काहीच नाही.

मग टोमॅटो उगवले.
मग एका इंजेक्टरनं धुक्यासारखी फवार सोडली,
दुसऱ्यानं आठ दिवस छळलं.

मे महिन्यात बर्चची पानं उंदराच्या कानाएवढी झाली.
आमच्याकडं त्याच आठवड्यात बटाटे जमिनीत जायला हवेत.
नांगर जोडला. बॅटरी व्हाम्बोलाची, उसनी.
त्यानं पंख्याच्या कवचात हात घातला,
आणि विस्तवाला लागावा तसा मागं घेतला.

आत परटिणीचं घरटं.
राखाडी ठिपक्यांची सहा अंडी,
खाली मऊ तपकिरी लोकर.
टोपीची एक कड उसवलेली होती,
मी ते उंदरांच्या नावावर लिहून मोकळी झाले होते.

"चौदा दिवस अंडी, चौदा दिवस पिलं,"
व्हाम्बोला म्हणाला, बॅटरी काढली, काखेत मारली,
आणि घरी गेला.

तेव्हा बटाटे हातानंच लावले.
या बेटाचं शेत आधी दगड पिकवतं, मग बाकीचं.
अकरा ओळी. किनाऱ्यावरून ढकलगाडीनं आणलेलं शेवाळ
ओलं, खारट, माशांचा वास मारणारं,
ते सरीत अंथरायचं, वर बटाटा, वर माती.
कंबर माझी नव्हतीच, कुणाची तरी उसनी आणलेली.
परटीण कुंपणाच्या दगडावर बसून
शेपटी आपटत सगळं बघायची,
मुकादमासारखी.
एकदा मी तिला आईवरून शिवी दिली.
ती हलली नाही.

पिलं कधी उडाली ते पाहिलंच नाही.
एका सकाळी कवचात नुसती लोकर, पिसं, शीट.
शेकोट्यांच्या रात्रीनंतरचा तो दुसरा दिवस.
बॅटरी परत आली.
आधी काळा धूर, मग पांढरा,
मग एक जुना खोकला, आणि तो आवाज,
दोन सिलिंडरांचा, कपाट जिन्यावरून खाली उतरवावं तसा.
व्हाम्बोलानं टोपी काढली.
कुणी मेलं नव्हतं. तरी काढली.

आणि नांगरायला काहीच नव्हतं.
बटाटे गुडघ्याला लागलेले, वर पांढरी फुलं.

म्हणून मी रेवाचिनीच्या जुड्या बांधल्या,
मुळे, कोथिंबिरीसारखी ती बडीशेपेची पानं,
थोड्या स्ट्रॉबेऱ्या वाडग्यात, झाकण न मिळाल्यानं टोपीखाली,
आणि दुसऱ्या गियरमध्ये निघाले
माझ्या जुन्या पोस्टाच्या वाटेनं.
प्रत्येक पेटीत एक जुडी, देठ बाहेर.
दोन घरं बंद आहेत, पाट्या गंजल्यात.
तिथंही टाकल्या. हाताला सवय.

येताना चढावर डिझेल संपलं.
टाकी मोजून भरली होती मी, सायकलच्या हिशेबानं.
अर्ध्या तासानं व्हाम्बोला आला, दोरी घेऊन,
बोलला काहीच नाही.
वाडग्यातली एक स्ट्रॉबेरी उचलली,
देठ फुंकला,
आणि गाठ मारायला वाकला.