कल

रजिस्टरच्या पहिल्या पानावर माझंच अक्षर आहे,
निळी शाई, आता जांभळट:
'सभासद सात. वर्गणी दोन रुपये.
जागा: फौंड्रीमागची, वापरात नसलेली.'

वापरात नसलेली म्हणजे
जळक्या वाळूचे ढीग, घाणेरीची झुडपं,
आणि बंडा साळोख्यांची म्हैस,
जी पुढं नऊ वर्षं
दर सभेच्या ठरावात नाव येऊनही हलली नाही.

उपाध्ये ड्राफ्ट्समन मशीन शिकायला विलायतेला गेलेले,
येताना एक फोटो घेऊन आले.
पांढऱ्या कपड्यातली म्हातारी माणसं
गवतावर वाकलेली, काहीतरी हरवल्यासारखी.
'ह्यात पळायचं न्हाई, पडायचं न्हाई,
मग घाम कशाचा?' गणपा इंगवल्यानं विचारलं.
आणि दुसऱ्या दिवशी
फावडं घेऊन तोच पहिला आला.

पाण्याची नळी धरून जमीन समतल केली,
दोन टोकांना दोघं, मधे ओरडायला पाच.
त्याच साली तालमीचा हौदा नव्यानं भरला.
जुनी माती, ताक-तेल-हळद प्यालेली,
तीन ट्रॉल्या आमच्याकडं आली.
वर हरळी लावली.
आमच्या हिरवळीखाली
कितीतरी टेकलेल्या पाठी आहेत.

चेंडू कोण देणार?
इलाही शिकलगारानं फोटो भिंगाखाली धरला,
शिसवाचा ओंडका लेथला लावला.
उपाध्ये म्हणाले, एका अंगाला कल पाहिजे,
सरळ जाता कामा नये.
कल किती?
ते फोटोत दिसत नव्हतं.
इलाहीनं एक डोळा मिटला
आणि अंदाजानं तासलं.

छोटा पांढरा चेंडू करायचा राहूनच गेला.
गणपाच्या हौसाक्कानं डब्यातलं लिंबू दिलं.
अजून त्याला लिंबूच म्हणतात.
'चिकटला रं लिंबाला!' असं कुणी ओरडलं
की भिंतीपलीकडनं फुटबॉलची पोरं विचारतात,
सरबत झालं का?

मधली पानं वाळवीनं खाल्ली. जे वाचता येतं ते असं:
'बोअरच्या पाण्यावरून वाद.'
'महिलांना सभासद करण्यावरून वाद.'
त्याखाली, वेगळ्या शाईत,
'हौसाक्का एकवीस-सहानं विजयी. चहा गणपाकडून.'

पुराच्या साली हिरवळ अकरा दिवस पाण्याखाली.
कपाटाचं दार फुगून उघडलं,
चेंडू तरंगत बाहेर पडले.
सहा चरात सापडले, गाळानं माखलेले,
दोन पंचगंगेनं नेले.
सरळ नेले नसतील.

मग निवडचाचणीसाठी खरे चेंडू आले,
शिक्का मारलेले, काळे, चकचकीत.
आमच्यातला एकही त्या दिवशी
लिंबाच्या वावभर जवळ गेला नाही.
पंचानं लाकडी चेंडू मागून घेतला, घरंगळवून बघितला,
परत घरंगळवला.
'ह्याला दुप्पट कल आहे,' म्हणाला.
तीस वर्षं.
कुणीच इलाहीकडं बघितलं नाही.
त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं:
'फोटू बारीक हुता.'

आता त्याची नात तरन्नुम शिक्क्याच्या चेंडूनं खेळते,
राज्याच्या संघात आहे,
तिचा हात शांत, आमच्यासारखा सवयीनं बिघडलेला नाही.
क्लबात चौसष्ट सभासद, पत्र्याची शेड, नळाला मीटर.
उपाध्ये गेले. म्हैस तर केव्हाच गेली.

पण सोमवारी, फौंड्र्यांच्या सुट्टीला,
आम्ही उरलेले चौघं लाकडी चेंडू काढतो.
मी लिंबू टाकतो. गणपा चटईवर उभा राहतो,
गुडघा हातानं वाकवतो.
'म्हशीवर धर,' इलाही सांगतो.
तिथं आता स्कूटरी लावतात.
तरी गणपा म्हशीवर धरतो आणि सोडतो.

जोर असतो तोवर
शिक्क्याचा काय, लाकडी काय,
दोन्ही सारखेच जातात.
चेंडू स्कूटरींकडं निघालेला असतो, चुकल्यासारखा,
आमचं बीपीच्या गोळ्यांवर बोलणं चाललेलं असतं,
कुणाच्या तरी पोराच्या सोयरिकीवर,
आणि मग हौसाक्का म्हणते,
'गप्प बसा जरा.
वळतोय.'